‘कृत्रिम मांस’ म्हणावं का?

पार्ल्याच्या एका वाचकांचा प्रश्न: जनावराच्या पेशी वाढवून जे मांस तयार करतात, त्याला मराठी लेखात काय म्हणावं? त्यांचे संपादक ‘कृत्रिम मांस’वर अडून बसलेत.

माझ्या मते ते नको. ‘कृत्रिम’ हा शब्द आपल्याकडे दोन्ही बाजूंनी बोलतो. कृत्रिम पावसाने माणूस खराखुरा भिजतो, कृत्रिम रेतनाने झालेलं वासरू खरंच वासरू असतं. तिथे कृत्रिम असते ती फक्त रीत. उलट कृत्रिम रेशीम म्हणजे रेशीम नव्हेच. आणि खाण्याच्या वस्तूला हे विशेषण लागलं की तिसराच अर्थ डोकं वर काढतो. ‘कृत्रिम दूध’ ऐकल्यावर मुंबईकराला युरिया, डिटर्जंट आणि पहाटेची धाड आठवते.

इथे तर जनावराच्या स्नायूचा छोटासा तुकडा काढतात. त्यातल्या पेशी अमिनो आम्लं, ग्लुकोज, क्षार, जीवनसत्त्वं घातलेल्या द्रवात, अंगाइतक्याच उबेत वाढवतात. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनला डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांचा अशा मांसाचा पहिला बर्गर तळला गेला. खर्च सुमारे अडीच लाख युरो. मांस गाईच्याच स्नायूपेशींचं होतं. बाहेरचं म्हणाल तर रंगासाठी घातलेलं बीट आणि केशर, शिवाय अंड्याची भुकटी, पावाचा चुरा आणि मीठ. चरबी मात्र नव्हती, आणि चाखणाऱ्यांना ते लगेच कळलं.

मग शब्द कोणता? साचा तयार आहे. जळगावकडे ‘ऊतिसंवर्धित केळी’ रुळली (शेतकरी सरळ ‘टिश्यूची रोपं’ म्हणतात, ते वेगळं). त्याच धर्तीवर ‘पेशीसंवर्धित मांस’. यातली ‘पेशी’ गाळून नुसतं ‘संवर्धित मांस’ करू नका. आपल्याकडे पशुसंवर्धन नावाचं सरकारी खातं आहे, त्यामुळे वाचकाला वाटेल, गोठ्यात नीट पाळलेल्या बोकडाचं मटण. माशांच्या बाबतीत तर घोटाळाच. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पापलेट, सुरमईच्या पेशींवर असं काम हाती घेतल्याचं जाहीर केलं. त्याला ‘मत्स्यसंवर्धन’ म्हटलं तर तो तळ्यातला धंदा झाला.

‘पेशीमांस’ आटोपशीर वाटतं खरं, पण हिंदीतला ‘मांसपेशी’, म्हणजे आपला स्नायू, कानात घुमतो. गंमत म्हणजे संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा तुकडाच.

‘अहिंसक मांस’ आणि ‘शाश्वत मांस’ हे दोन्ही जाहिरातीचे शब्द, बातमीत नकोत. या पेशी वाढवायला कित्येक वर्षं गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातला द्रव वापरत. त्या द्रवाशिवाय वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाला सिंगापूरने २०२३ मध्ये मान्यता दिली. तिथे विक्रीची पहिली परवानगी डिसेंबर २०२० मधली, म्हणजे अधल्यामधल्या मालाला तरी ‘अहिंसक’ कसं म्हणणार? शाश्वतपणाचंही तसंच: जमीन कमी लागते हे खरं, पण पेशी वाढवायच्या टाक्या रात्रंदिवस उबदार ठेवायच्या तर वीज कोळशाची की सौर, यावर हिशेब फिरतो. हे लेखात सविस्तर लिहा. नावात कोंबू नका.

‘शाकाहारी मांस’ तर साफ चूक. ते सोयाबीनच्या वड्यांना चालेल. हे प्राण्याचंच, त्यामुळे त्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोभणार नाही.

बाकी लेखी भाषेतलं ‘मांस’ आणि बाजारातली भाषा यांचा संबंध बेताचाच. दादरच्या दुकानात कोणी मांस मागत नाही; मटण मागतात, चिकन मागतात, आणि इंग्रजीत मेंढीचं असलेलं ‘मटण’ इथे बोकडाचं होतं. हा माल उद्या इथे आला तर गिऱ्हाईक ‘टाकीतलं चिकन’ म्हणेल की आणखी काही, ते दुकानदार ठरवेल. तोवर संपादकांना ‘पेशीसंवर्धित मांस’ द्या, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे जनावराच्या पेशी टाकीत वाढवून केलेलं मांस’ एवढं जोडा.