तांबडा भोपळा ओव्हनमध्ये: वाचकांचे प्रश्न

गणपती गेले की परसातल्या वेलावरचे भोपळे उतरायला लागतात आणि दसरा-दिवाळीपर्यंत बाजारात तांबड्या फोडींचे ढीग दिसतात. घारगे, भरीत, भाजी झाली की पुढचा प्रश्न येतो तो भाजलेल्या गोड भोपळ्याचा. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्याच तोंडीलावण्याबद्दल आहेत.

फोडींना तूप आणि किसलेला गूळ चोळून ट्रे ओव्हनमध्ये १८० अंशांवर ठेवला. पाऊण तासाने पाहिलं तर ट्रेमध्ये पाकाचं तळं, फोडी गळून गेलेल्या आणि कडेचा गूळ मात्र करपलेला. पाणी घातलंच नव्हतं, मग आलं कुठून?
— वाचक, वेंगुर्ले

भोपळ्यातूनच आलं. त्याच्या गरात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. गूळ लागला की ते भराभर बाहेर खेचलं जातं. मग फोडी भाजल्या न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतात. मधे पाणी असल्याने तिथला पाक नुसता उकळत राहतो, कडेला थर पातळ असतो म्हणून तिथला गूळ आटून जळतो. तुमच्या ट्रेमध्ये दोन्ही एकदम दिसलं ते यामुळे. उष्णताही कमी पडली, आणि बहुधा फोडी एकावर एक होत्या.

चौघांना तोंडी लावण्यापुरतं असं करा. सालीसकट एक किलोची फोड घ्या. बिया, धागे आणि साल गेल्यावर ७०० ते ७५० ग्रॅम गर उरतो. त्याच्या इंचभर जाडीच्या, शक्य तितक्या सारख्या फोडी करा. लहान-मोठ्या झाल्या तर लहान फोडी गळेपर्यंत मोठ्या कच्च्याच राहतात. फोडी धुतल्या असतील तर फडक्याने पुसून कोरड्या करा. हे काम टाळू नका. त्यांना दोन मोठे चमचे पातळ केलेलं साजूक तूप किंवा खोबरेल आणि पाव चमचा मीठ चोळा. ओव्हन आधी २०० अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटं तापू द्या. फोडी एकाच थरात, दोन फोडींमध्ये बोटभर जागा सोडून मांडा. ट्रेमध्ये मावत नसतील तर दोन घाणे करा. झाकण किंवा फॉइल अजिबात नको, वाफ कोंडली की सगळं मुसळ केरात.

पंचवीस मिनिटांनी खालची बाजू तांबूस झाली का बघा. उलथन्याने सहज सुटली तर उलटा, चिकटली असेल तर आणखी तीन-चार मिनिटं थांबा. उलटल्यावर दहा मिनिटं. आता सुरी विनासायास आत जायला हवी, पण कडा धरून राहिलेल्या हव्यात.

गुळाची पाळी इथे येते, त्याआधी नाही. ८० ग्रॅम गूळ, दोन मोठे चमचे पाणी आणि एक चमचा तूप मंद आचेवर नुसतं विरघळवा, गाळून घ्या (गुळात कचरा असतोच) आणि फोडींवर ओता. हलक्या हाताने घोळवून पुन्हा सात-आठ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. पाकाचे बुडबुडे मोठे आणि संथ झाले की झालं. शेवटच्या तीन मिनिटांत पाव वाटी ओलं खोबरं भुरभुरवा; आधी घातलं तर ते फोडींच्या आधी जळतं. बाहेर काढल्यावर पाव चमचा वेलचीपूड, किंचित जायफळ आणि चमचाभर कोकम आगळ. आगळात मीठ असतं, म्हणून सुरुवातीचं मीठ कमी धरलं आहे. आगळ नसेल तर दोन आमसुलं थोड्या गरम पाण्यात कुस्करून घ्या, पण मग मीठ चिमूटभर वाढवा. हा आंबटपणा ऐच्छिक समजू नका. त्याशिवाय हा पदार्थ तोंडीलावणं राहत नाही, नुसतं गोड होऊन बसतो. आंबट पडणार असल्याने साधा ॲल्युमिनियमचा ट्रे टाळा, काचेचा किंवा स्टीलचा घ्या.

वालाचं बिरडं किंवा तिखट उसळ, तांदळाची भाकरी आणि बाजूला हा भोपळा, असा बेत जमतो.

आमच्याकडे ओव्हन नाही. पातेल्यात जमेल का? घरी चूल आहे.
— वाचक, राजापूर

चूल असेल तर ओव्हनवाल्यांनी तुमचा हेवा करावा. काकडीचं धोंडस जसं खाली-वर निखारे ठेवून भाजतात, तीच रीत. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात तूप लावलेल्या फोडी एका थरात ठेवा, सपाट जड झाकण घाला. खाली निखारे थोडे, झाकणावर त्याच्या दुप्पट. खालून आच जास्त झाली की बूड लागतं आणि वरची बाजू पांढरीच राहते. करवंटीचे निखारे कडक असतात पण लवकर विझतात, म्हणून एकदा बदलावे लागतील. दर दहा मिनिटांनी झाकण बाजूला करून आतली वाफ जाऊ द्या आणि झाकणाच्या आतलं पाणी पुसा. चाळीस मिनिटांच्या आसपास वेळ लागतो.

गॅसवर करायचं तर बिडाचा तवा सगळ्यात चांगला. मध्यम आचेवर, झाकण न ठेवता, फोडी प्रत्येक बाजूने पाच-सहा मिनिटं भाजा, मग आच मंद करून आतून मऊ होईपर्यंत ठेवा. गूळ शेवटी. पातेल्यात मीठ तापवून केक करतात तसंही होतं, पण त्यात वाफ फार कोंडते आणि फोडींना रंग येत नाही. मायक्रोवेव्हची गत तीच.

बाजारातून आणलेला भोपळा कधी मधासारखा गोड, कधी नुसता पाणचट. ओळखायचं कसं?
— वाचक, मुरुड

अख्खा घेताना देठ बघा. पक्व भोपळ्याचा देठ वाळून कठीण झालेला असतो. सालीत नख रुतलं तर तो कोवळा आहे. भाजीला ठीक, भाजायला नाही. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरट नको, गडद पिवळा हवा. आकाराच्या मानाने वजनदार असावा. कापलेली फोड घेताना गर गडद केशरी आणि घट्ट हवा, बियांभोवतीचा गाभा बुळबुळीत झालेला नको.

परतीच्या पावसात उतरवलेला भोपळा हमखास पाणचट लागतो. घरचा वेल असेल तर उघडीप बघून, देठ दोन बोटं ठेवून काढा आणि लगेच कापू नका. कोरड्या, वारा लागणाऱ्या जागी दोन-तीन आठवडे ठेवा. या काळात साल घट्ट होते, थोडं पाणी उडतं आणि गरातल्या काही पिठूळ अंशाची साखर होते. आपल्याकडच्या दमट हवेत तो जमिनीवर ठेवला तर खालून कुजतो. शिंक्यात टांगा, नाहीतर माळ्यावर पेंढ्यावर ठेवा, एकमेकांना न टेकवता. देठ तुटलेला भोपळा टिकवायच्या भानगडीत पडू नका, आधी तोच संपवा.

एवढं करूनही पाणचट निघालाच तर फोडींना मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा आणि पुसून मग तूप लावा. पाणी निघेल, गोडी मात्र गुळाचीच.

मुलगी अमेरिकेत असते. तिकडे शरदात असाच पदार्थ एकॉर्न आणि बटरनट स्क्वॉशचा करतात. ती पाककृती आपल्या भोपळ्याला चालेल का?
— वाचक, चिपळूण

बटरनटची चालेल. तो आणि आपल्याकडचा नेहमीचा तांबडा भोपळा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे, कुकुर्बिटा मोस्चाटा. आपला सहसा जास्त पाणीदार असतो, म्हणून दहा मिनिटं जास्त धरा. एकॉर्न वेगळ्या जातीचा, कुकुर्बिटा पेपो. तो लहान असतो, म्हणून तिकडे उभा अर्धा करून पोकळीत लोणी आणि तपकिरी साखर किंवा मेपल सिरप घालून भाजतात. पोकळी वाटीचं काम करते, पाक सांडत नाही. आपल्या तीन किलोच्या भोपळ्याला ती रीत लावू नका, आतपर्यंत आच पोचेस्तोवर गूळ जळून जाईल. मेपल सिरपऐवजी आपली काकवी चालते: तीन मोठे चमचे, आणि वरून पाणी नको.

वरून नारळाचा रस घातला तर फाटतो.
— वाचक, गुहागर

कडक आचेवर रसातलं तेल आणि पाणी वेगळं होतं, आगळ पडलं की आणखी लवकर. अर्धी वाटी जाड रसात एक चमचा तांदळाचं पीठ कालवून मंद आचेवर, सतत ढवळत, दाट होईपर्यंत गरम करा. उकळी फुटू देऊ नका. भोपळा ओव्हनमधून काढल्यावर तो वर ओता. रस घालणार असाल तर तेवढ्यापुरतं आगळ घालू नका.

घरच्या वेलाचा एक भोपळा भाजल्यावर कडू लागला. गूळ वाढवून खाता येईल का?
— वाचक, देवगड

नाही. टाकून द्या, गुरांनाही घालू नका. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्याचा असतो. ते भाजून किंवा शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. गूळ घातला तर कडू चव लपेल, द्रव्य तसंच राहील. त्या फळाच्या बियाही पुढच्या पावसाळ्याला लावू नका. यापुढे घरचा भोपळा कापला की कच्च्या गराचा कण जिभेला लावून बघा आणि थुंका.

उपवासाला चालतो का? आणि बियांचं काय करायचं?
— वाचक, सावंतवाडी

बऱ्याच घरांत तांबडा भोपळा उपवासाला चालतो, काहींत नाही. घरची रीत पाळा. चालत असेल तर सैंधव वापरा, आणि रस दाट करायला तांदळाऐवजी शिंगाड्याचं पीठ.

बिया धागे काढून धुवा, दिवसभर कडक उन्हात वाळवा आणि १५० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा हलवून, भाजा. ओल्याच भाजल्या तर बाहेरून करपतात आणि आतून चिवट राहतात. फोडींबरोबर त्याच ट्रेमध्ये टाकू नका, २०० अंशांवर त्या दहा मिनिटांत काळ्या पडायला लागतात.