आर्बिट्रेशनची नोटीस आली, आता काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगावचा, पिकअपवर द्राक्षाची भाडी मारतो. गाडीसाठी एका फायनान्स कंपनीचं लोन घेतलंय, मेहुणा जामीन आहे. गेल्या सीझनला अवकाळीने धंदा बसला, पाच हप्ते थकले. आता चेन्नईच्या एका वकिलांचं रजिस्टर पत्र आलंय की कंपनीने त्या वकिलांना लवाद (आर्बिट्रेटर), म्हणजे आमचा वाद मिटवणारा पंच नेमलंय, अमुक तारखेला व्हिडिओ कॉलवर हजर राहा. शेजारचे म्हणतात हे काही कोर्ट नाही, फाडून टाक. आणि मी लवादाला कधी हो म्हणालोच नव्हतो!

उत्तर : दादा, ते पत्र अजिबात फाडू नका, पाकीटसुद्धा जपून ठेवा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे तारखांसाठी कामाला येतो. पत्र घ्यायचंच नाही असंही करू नका, तुमच्या शेवटच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवलं की कायदा बहुतेक वेळा ते पोचलं असंच धरतो.

हो म्हणालो नव्हतो म्हणता, पण लोनचं अ‍ॅग्रीमेंट काढून बघा. शोरूममध्ये पेन्सिलने फुल्या मारून दिलेल्या जागी आपण सह्या करत जातो ना, त्यातच कुठेतरी शेवटाकडे बारीक अक्षरात असतं की सगळे वाद लवादाकडे, ठिकाण चेन्नई. ती सही म्हणजेच तुमचा होकार.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे, हे कोर्ट नाही. पण १९९६ च्या लवाद कायद्याखाली झालेल्या निवाड्याची, म्हणजे लवादाच्या निकालाची वसुली कोर्टाच्या डिक्रीसारखीच (हुकूमनाम्यासारखीच) होते. तुम्ही गेला नाहीत तर केस थांबत नाही, कंपनीचे कागद बघून एकतर्फी निवाडा होतो. आणि निवाडा चेन्नईत झाला तरी वसुलीचा दावा थेट सांगलीत लावता येतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. उलट तो निवाडा रद्द करून घ्यायचा तर तुम्हालाच चेन्नईचं कोर्ट गाठावं लागेल, सही केलेली प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत, सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. नुसता अर्ज टाकून वसुली थांबत नाही, स्टे, म्हणजे स्थगिती वेगळी मागावी लागते.

आता तुमच्या बाजूचं. कंपनीने लवाद एकटीने नेमलाय ना? ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्यानेच लवाद नेमायचा हे चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही दोन्ही पक्षांना समान वागणूक हवीच असं म्हटलं. म्हणून लगेच त्या लवादांना आणि कंपनीला लेखी कळवा की ही नेमणूक मला मान्य नाही, दोघांच्या संमतीने किंवा हायकोर्टातर्फे लवाद नेमा. ही हरकत तुमचं म्हणणं मांडायच्या आधी किंवा त्याच्याबरोबरच गेली पाहिजे. मध्येच एखादा संमतीचा फॉर्म ईमेलवर येईल, "नेमणुकीला हरकत नाही" वगैरे लिहिलेला, त्यावर सही केलीत तर हा मुद्दा गेला. पण हरकत दिली म्हणून घरी बसू नका, तारखेला व्हिडिओवर हजर राहा आणि तिथेही तेच सांगा.

मला सगळ्यात जास्त आग्रह धरावासा वाटतो तो हिशेबाचा. बहुतेकजण फक्त शेवटचा आकडा बघून घाबरतात. कंपनीकडून पूर्ण खातेउतारा मागा आणि एकेक ओळ तुमच्या पासबुकाशी ताडून बघा, भरलेला हप्ता जमा दिसतो का, चेक बाउन्सचे चार्ज कितीदा लावलेत, दंड कसा धरलाय. रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंड-व्याज लावणं बंद केलंय, ठराविक दंड आकारता येतो पण तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज नाही. अशी चूक सापडली तर लेखी उत्तरात तारखेसकट लिहा, लवादासमोर तोंडी तक्रारीपेक्षा एक पासबुकाचं पान जास्त बोलतं. आणि हप्ते खरंच थकलेत तर ते नाकारू नका, मुदत मागा. तडजोड झाली तर लवाद ती निवाड्यातच लिहून देऊ शकतात, मग तुम्ही ठरलेले हप्ते भरत असताना कंपनीला मागचा आकडा काढता येत नाही.

गाडीकडेही लक्ष ठेवा, निवाड्याआधीच गाडी ताब्यात घ्यायचा अंतरिम (तात्पुरता) आदेश कंपनी मागू शकते, तसा अर्ज आला की त्याच आठवड्यात उत्तर द्या. आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, तेव्हा आज संध्याकाळीच मेहुण्यांना फोन करा, असंच पाकीट त्यांच्याकडेही आलेलं असू शकतं.