रंग केसांचा, हिशेब घरचा : वाचकांची प्रश्नोत्तरे

केस रंगवण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता : "ताई, रंग चांगला बसतो, पण टिकत नाही, आणि दर वेळी पार्लर परवडत नाही." पैसा खरं तर रंगावर कमी जातो आणि बिघडलेला रंग निस्तरण्यावर जास्त. म्हणून ज्या अडचणी अनेकांच्या आहेत, ते प्रश्न आधी घेते.

दर तीन आठवड्यांनी घरीच गडद तपकिरी रंग लावते. एका वेळी पूर्ण पाकीट संपतं. तरी मुळाशी रंग फिकट दिसतो, टोकं मात्र काळी कुळकुळीत आणि चिपाडासारखी झाली आहेत. मी शाळेत शिकवते, त्यामुळे पांढरे केस दिसू द्यायला नको वाटतं. (एक शिक्षिका, लातूर)

बाई, तुमचं पाकीट चुकीच्या जागी संपतंय. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे खांद्याखाली आलेल्या केसाचं टोक अडीच-तीन वर्षांचं असतं. दर तीन आठवड्यांनी सगळ्या केसांना रंग लावला, तर त्या टोकाने चाळीसहून अधिक वेळा रंग सोसलेला असतो! कायमचा रंग केसाचं वरचं आवरण फुगवून आत शिरतो. तेच आवरण पुन्हा पुन्हा उघडलं की केस राठ होतो, आणि रंगावर रंग साचून काळा पडतो. मुळांना मात्र एकच हात मिळालेला असतो, म्हणून ती फिकट दिसतात.

यापुढे रंग फक्त नव्याने उगवलेल्या भागाला. केस धुऊन एक-दोन दिवस झालेले असावेत, तेल नको. हातमोजे घाला. मधला भांग आणि कानापासून कानापर्यंत दुसरा, असे चार भाग करून क्लिप लावा. कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलिन चोपडा. एका भागातली बोटभर जाडीची बट सोडा, मुळाशी ब्रशने रंग लावा, ती बट पलटवा, पुढची घ्या. खास ब्रश नसेल तर जुना टूथब्रश कानशिलांपाशी छान चालतो. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या, स्टीलची वाटी नको. जिथे जुना रंग सुरू होतो तिथे थांबा. हे थांबणंच जमायला हवं, कारण वाटीत उरलेला रंग बघून हात आपोआप खाली सरकतो.

टोकं विटलेली वाटलीच, तर तीन-चार वेळांतून एकदा, धुण्याआधी शेवटची पाच मिनिटं ओल्या हाताने रंग खाली ओढा. अशा पद्धतीने खांद्यापर्यंतच्या केसांना निम्मं पाकीट पुरतं. पांढरे केस फक्त भांगात आणि कानशिलांवर असतील तर त्याहूनही कमी. आणि तिसऱ्या आठवड्यात भांग थोडा बाजूला किंवा नागमोडी पाडा. आणखी आठ-दहा दिवस सहज निघतात, फुकटात. आत्ताच्या काळ्या टोकांवर मात्र घरी काही करू नका. रंगाने रंग उतरत नाही. दर दोन महिन्यांनी बोटभर कापत जा.

उरलेला कालवलेला रंग फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात वापरला तर? (एक वाचक, सातारा)

नाही. कालवल्या क्षणापासून त्याची क्रिया सुरू होते आणि तासाभरात तो निकामी होतो. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत वायू साठून ती फुटूही शकते. न कालवलेलं ठेवता येतं. ट्यूबमधला रंग आणि डेव्हलपर (रंगात कालवायचं द्रावण) पाकिटावरच्या प्रमाणात निम्मा-निम्मा काढा, झाकणं घट्ट लावा. पुडीतली पावडर कोरड्या चमच्याने काढून उरलेली हवाबंद डबीत ठेवा आणि डबीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. स्वयंपाकघरात ठेवू नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आमच्याकडे बोअरचं पाणी. बर्गंडी केलेला रंग पंधरा दिवसांत विटकरी होतो. महागडा 'कलर प्रोटेक्ट' शॅम्पू घेऊ का? (एक वाचक, सोलापूर)

आधी वाईट बातमी : लाल छटा सगळ्यात लवकर उडतात, पाणी गोडं असलं तरी. बजेट कमी असेल तर पुढच्या वेळी नुसती बर्गंडी न घेता लालसर तपकिरी घ्या. ती उडाली तरी खाली तपकिरी उरते आणि केस विटके वाटत नाहीत.

आता शॅम्पू. रंग धुऊन नेणारं मुख्य कारण पाणी आहे. शॅम्पूचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमी. त्यामुळे महाग बाटलीपेक्षा आठवड्यातलं एक न्हाणं कमी करण्याने जास्त फरक पडतो. रोज डोक्यावरून पाणी घेत असाल तर दोन-तीन दिवसांनी घ्या, तेही कोमट. कढत पाण्याच्या बादलीची सवय हिवाळ्यात सुटत नाही, ठाऊक आहे मला, पण निदान डोक्यापुरतं वेगळं पाणी काढा. शॅम्पू फक्त टाळूला चोळा, लांबीवरून त्याचा ओघळलेला फेसच पुरतो. अंगाचा साबण डोक्याला कधीच नको. बोअरच्या जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात त्याची चिकट साय केसांवर बसते.

बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर थर धरतात. गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली दिसते ना, तेच. त्यामुळे रंग असूनही मंद दिसतो. शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्या. महिन्यातून दोनदा, लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून केसांवरून सोडा, डोळे मिटून, आणि मिनिटभराने साध्या पाण्याने धुवा. नंतर कंडिशनर फक्त कानाखालच्या केसांना. त्यासाठी सॅशे पुरे.

मी 54 वर्षांचा आहे. गेल्या वेळी डाय लावल्यावर दुसऱ्या दिवशी कान आणि पापण्या सुजल्या, खाज सुटली. मित्र म्हणतो, आधी ॲलर्जीची गोळी घे आणि लाव. मिशी आणि भुवयाही रंगवतो. (एक वाचक, नाशिक)

दादा, इथे काटकसरीचा विषय संपतो. लावू नका. गोळीने तात्पुरती खाज दबेल, ॲलर्जी जाणार नाही. बहुतेक काळ्या रंगांत पीपीडी हे रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उठते, जशी तुमची उठली. पुढच्या वेळी ती आधीपेक्षा जोरात येऊ शकते. चेहरा सुजून श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना गाठावा लागतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि रिकामं पाकीट सोबत न्या. 'काळी मेंदी' नावाच्या पुड्यांमध्येही बहुधा हेच रसायन असतं, तेव्हा नावावर जाऊ नका. भुवयांना आणि पापण्यांना तर कुणीच डाय लावू नये. अंधत्व येऊ शकतं, हा इशारा पाकिटावरच बारीक अक्षरांत छापलेला असतो.

ज्यांना आजवर त्रास झालेला नाही त्यांनीही कानामागे थेंबभर रंग लावून 48 तास वाट बघावी, दर वेळी. डाय नेहमीचा असला तरी.

हायलाइट्स महिनाभरात पिवळट झाले. रोज स्कूटीवरून कॉलेजला जाते. दही, अंडं, लिंबू, खाण्याचा सोडा, यातलं काय लावू? (एक विद्यार्थिनी, पुणे)

दही आणि अंडं खा. लिंबू लावून उन्हात गेलीस तर केस आणखी उजळतील आणि कोरडे होतील. सोडा तर केसाचं आवरणच खरखरीत करतो. हायलाइट्ससाठी केस ब्लीच केलेले असतात. त्यावरचा टोनर, म्हणजे पिवळेपणा झाकणारा हलका रंग, धुऊन गेला की खालचा पिवळा दिसणारच. इथे एकच वस्तू विकत घे : जांभळा शॅम्पू, लहानातली लहान बाटली. जांभळा पिवळ्याला मारतो. आठवड्यातून एकदा, दोन मिनिटं, फक्त त्या बटांना. मैत्रिणीबरोबर बाटली वाटून घेतलीस तरी चालेल.

बाकी खोबरेल. न्हाण्याआधी तासभर लांबीला लावायचं. केसांतली प्रथिनं धुताना कमी जातात, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं. त्यात खोबरेल सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. आणि तोंडाला गुंडाळतेस तोच सुती स्कार्फ अंबाड्यावरूनही घे. उन्हाने रंग विटतो. पोहायला जात असशील तर आधी साध्या पाण्याने केस चिंब भिजव, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं.

सासूबाई म्हणतात डाय सोडून मेंदी लाव, स्वस्त पडेल. पण केशरी केस नकोत. डायवर मेंदी चालते का? (एक वाचक, अमरावती)

चालते, मेंदी शुद्ध असेल तर. पाकिटावर घटक वाचा : फक्त मेंदीच्या पानांची पूड हवी. काही स्वस्त मिश्रणांत धातूंचे क्षार असतात आणि त्यांच्यावर पुढे डाय किंवा ब्लीच लावलं तर केस तापून तुटू शकतात. मेंदीने पांढरा केस केशरीच होतो, चहा-कॉफी कितीही घाला. तपकिरी किंवा काळा हवा असेल तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पूड लावावी लागते. ती कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत वापरायची, लिंबू अजिबात न घालता. ही नीळ म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी इंडिगोची पानं. कपड्यांची नीळ नव्हे, हे मुद्दाम लिहिते, कारण तो प्रयोग केलेल्या बायका माझ्याकडे आलेल्या आहेत.

दोन्ही मिळून अर्धा दिवस जातो, तेव्हा स्वस्त पडतं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. सुरुवातीला कंगव्यात निघालेले पांढरे केस आठवडाभर जमवा, दोऱ्याने बांधा आणि त्या झुपक्यावर आधी लावून बघा. रंग दोन दिवसांनी आणखी गडद होतो, तेव्हा झुपका तिसऱ्या दिवशी उजेडात धरून ठरवा.