"मागच्याला ३ ने गुणा" एवढं पुरत नाही का?

प्रश्न : परीक्षेत ५, १५, ४५, १३५... या भूमिती श्रेढीचा रिकर्सिव्ह फॉर्म्युला (मागच्या पदावरून पुढचं पद काढायचं सूत्र) विचारला होता. मी "पुढचं पद = मागचं पद × ३" लिहिलं तर अर्धेच मार्क मिळाले. माझं चुकलं काय? आणि डायरेक्ट फॉर्म्युल्यात (न-वं पद = पहिलं पद × ज्याने गुणतो त्या संख्येचा न−१ वा घात) घात 'न' नसून 'न−१' का असतो हे पाठ आहे पण कळलेलं नाही.
— अकरावीतली एक वाचक

उत्तर : अगं, तू लिहिलंस ते खरंय पण अर्धंच आहे. ४, १२, ३६ ही श्रेढीसुद्धा मागच्याला ३ ने गुणतच पुढे जाते, मग वाचणाऱ्याला कसं कळणार की तुझी ५ वाली आहे की ४ वाली? सुरुवात कुठून हे सांगावंच लागतं, म्हणून "पहिलं पद = ५" ही ओळ सूत्राचाच भाग धर. नियम दुसऱ्या पदापासून लागतो हेही लिही, पहिल्याच्या मागे कोणी नसतंच ना.

आता न−१. एक ए-४ कागद हातात घे. ए-० कागद असतो १ चौरस मीटरचा, तो मधोमध कापला की ए-१, तो कापला की ए-२, असं करत ए-४ येतो. म्हणजे ए-४ हा रांगेतला पाचवा, पण कापलं किती वेळा? चारच वेळा! म्हणून त्याचं क्षेत्रफळ १/२ चा चौथा घात, म्हणजे १/१६ चौरस मीटर. पदं मोजताना पहिलंही मोजलं जातं पण गुणाकार त्याच्यानंतर सुरू होतो, बास, न−१ तिथूनच येतो. (८० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम, त्याला १६ ने भाग, एका ए-४ चं वजन ५ ग्रॅम. मला हे गणित फार आवडतं.) तुझ्या श्रेढीचं पाचवं पदही तसंच, ५ × ३ चा चौथा घात = ४०५, आणि १३५ × ३ करून बघ, तेच येतं.

पुढची एकदोन पदं हवी असतील तर रिकर्सिव्ह सोपा, पण विसावं पद विचारलं तर मधली सगळी काढत बसावी लागतील, तिथे डायरेक्टच वापर.

अजून एक, गुणोत्तर, म्हणजे ज्याने गुणत जातो ती संख्या, काढताना नेहमी पुढचं भागिले मागचं. ८१, −२७, ९ मध्ये ते −१/३ आहे, घाईत उलटा भागाकार करून −३ लिहिणारे खूप असतात. आणि एकाच जोडीवर थांबू नकोस, २, ४, ८, १४ मध्ये पहिल्या दोन्ही जोड्या २ देतात आणि १४ ला सगळं फिसकटतं.