सासरे म्हणतात, मला नळ्या लावू नका

प्रश्न : सासरे ७९ वर्षांचे, तब्येत ठणठणीत. पण मागे मोठ्या भावाला व्हेंटिलेटरवर बघून आले तेव्हापासून एकच धोशा लावलाय, माझे असे हाल करू नका. विषय काढला की मिस्टर उठून जातात, अमेरिकेतली नणंद म्हणते पप्पांसाठी शक्य ते सगळं करायचं. लिव्हिंग विल, म्हणजे असाध्य आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद, त्यासाठी कोर्टात जावं लागतं का?
- एक सून, नाशिक

उत्तर : नाही हो ताई. लिव्हिंग विलला मान्यता देणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालात मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला जातच नव्हतं, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सासऱ्यांची सही आणि नोटरी नाहीतर गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का, बास.

मजकूर मात्र मोघम नको. 'हाल करू नका' यावरून आयसीयूतल्या डॉक्टरने काय समजायचं? बरं व्हायची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, छाती दाबून हृदय चालू करू नका, वेदना कमी करायची औषधं मात्र द्या, असं स्पष्ट लिहा. आणि उद्या साधा न्यूमोनिया झाला तर उपचार थांबतील अशी भीती नको, हा कागद असाध्य अवस्थेतच लागू होतो, तेही आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं बोर्ड, मग डॉक्टरांचं दुसरं बोर्ड, दोन्हींनी होकार दिला तरच.

खरी मेख पुढे आहे. त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं लिहायची असतात, एकापेक्षा जास्त, आणि ऐन वेळी त्यांची संमती विचारतात. तिथे मिस्टर उठून गेले किंवा नणंद अडून बसली तर काय करणार? म्हणून आधी व्हिडिओ कॉल लावा आणि सासऱ्यांनाच बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. साक्षीदारही तुम्ही होऊ नका, नोटरीकडे त्यांना मुलगा किंवा एखादा मित्र घेऊन जाऊ दे. नाहीतर नंतर 'सुनेनेच सही घेतली' हे ऐकावं लागेल, आपल्याकडे ते ठरलेलंच.

एक प्रत फॅमिली डॉक्टरांना द्या, एक महापालिकेने नेमलेल्या कस्टोडियनकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. घरातली प्रत बँकेच्या लॉकरमध्ये मृत्युपत्राबरोबर नको, रात्री दोनला लॉकर कोण उघडणार, मेडिक्लेमच्या फाइलमध्येच लावा. सासऱ्यांचं मन बदललं तर लेखी देऊन कधीही रद्द करता येतं, हे मिस्टरांनाही सांगा, त्यांचा जीव जरा भांड्यात पडेल.