दुर्बिणीनं खडा काढताना माणूस जातो का हो?

कणकवलीतल्या एका हॉस्पिटलात मी पेशंटशी बोलायचं काम करते, म्हणजे डॉक्टर सांगून पुढच्या खाटेकडे गेले की पेशंट माझ्याकडे वळून जे विचारतो त्याची उत्तरं द्यायची. पित्तनळीतला खडा तोंडातून दुर्बीण घालून काढायचा, ज्याला ईआरसीपी म्हणतात, असं म्हटलं की प्रश्न ठरलेला. सेफ आहे ना?

एप्रिलात देवगडकडच्या सुमनकाकी आल्या होत्या (नाव बदललंय), वय 58. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी कडक चहासारखी, अंगाला खाज इतकी की हातावर नखांच्या रेघा. त्याआधी आठवडाभर कावीळ उतरवून घेणं आणि पाल्याचा रस हे सगळं करून झालेलं, ते आमच्याकडे होतंच, मी आता ओरडत नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, नळी फुगलेली दिसली पण नळीतला खडा काही दिसेना, तो एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळीच्या एमआरआयमधे सापडला. (नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपतं, त्यामुळे सोनोग्राफीत दिसला नाही म्हणजे खडा नाहीच असं समजू नका.) डॉक्टर म्हणाले कोल्हापूरला जाऊन काढून घ्या. काकींचे यजमान म्हणाले आंब्याची तोड चाललीय, पेट्या वाशीला जाऊ देत मग बघू. आणि काकी माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बाय, आमच्या वाडीतलो एक जण ह्याच करूक गेल्लो, तो परत इलो नाय."

"काही होत नाही हो काकी" असं मी म्हणत नाही, कारण उद्या काही झालंच तर माझ्यावरचा विश्वास गेला आणि डॉक्टरांवरचाही. आधी त्या माणसाचं विचारलं. तर तो आठ दिवस थंडी वाजून तापानं फणफणत घरीच होता, मग थेट आयसीयू आणि तिथे दुर्बीण. आता त्याचे पेपर मी बघितलेले नाहीत, कशानं गेला ते मी कसं सांगणार, पण गावात शेवटी जे केलं त्याच्याच नावावर मरण लागतं.

मग कागदावर चित्र काढलं. लिव्हरकडून येणारी नळी आणि स्वादुपिंडाची नळी, दोन व्हाळ (ओढे) एकाच तोंडानं खाडीत उतरावेत तशा आतड्यात एका तोंडानं उघडतात. ते तोंड थोडं कापून मोठं करायचं आणि बलून नाहीतर छोट्या जाळीनं खडा खाली ओढायचा. तोंड शेजाऱ्याबरोबर सामायिक, म्हणून स्वादुपिंड चिडतं. शंभरात साधारण 3 ते 10 जणांना त्याची सूज येते, बहुतेकांची दोन-चार दिवस सलाइनवर उतरते, थोड्यांची मात्र गंभीर होते. रक्तस्राव शंभरात एक-दोघांना, आतड्याला भोक पडणं त्याहून कमी, आणि जीव जाणं हजारात तीनच्या आसपास, त्यातही आधीच फार आजारी असलेले जास्त. आकडे ऐकून काकी गप्प. मग मी दुसरी बाजू सांगितली, की खडा तसाच ठेवला तर नळीत पू होऊन रक्तात पसरतो, आणि ज्या सुजेला आपण भितोय ती सूज खडा स्वतःसुद्धा आणतो. कावीळ आणि वर थंडी-ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. यजमान हे ऐकत होते, काही बोलले नाहीत, पण बाहेर जाऊन फोनवर कुणाला तरी तोडीचं सांगायला लागले.

काकींचा डोंबिवलीचा मुलगा फोनवर, "मॅडम हे नवीन प्रयोग कशाला, सरळ ऑपरेशन करा ना." म्हटलं बाळा, 1974 पासून नळीचं तोंड कापून खडे काढतायत, जर्मनी-जपानमधे सुरुवात झाली, तुझ्या जन्माआधीचं आहे हे. ऑपरेशननंही खडा काढता येतो, पण आईची तब्येत बघता दुर्बीण बरी असं डॉक्टरांचं मत आहे. तू तिथे एवढंच विचार की हे डॉक्टर नेहमी करतात का, सूज टाळायला गुदद्वारातून गोळी देणार का (डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन), आणि आई रक्त पातळ करायची गोळी घेते हे स्वतःहून सांग.

रक्त पातळ करायची गोळी वेळेत बंद केली, पण सकाळी बीपीच्या गोळीवर काकी अर्धा कप दुधाचा चहा प्यायल्या! उपाशी म्हणजे चहापण नाही हे मी तीनदा सांगितलेलं. नंबर दुपारवर गेला. खडा निघाला, आणि रात्री पोट दुखायला लागलं. रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं पाचक रसायन) वाढलेलं, सौम्य सूज, सलाइन, दोन दिवस जास्त राहावं लागलं. मुलगा घाबरून मला फोन करतोय आणि मागून काकींचा आवाज, "अरे बाय बोलल्ली मा, असा होता म्हणान."

परत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "खडो खय?" पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर बाटलीत घालून देतात तसा त्यांना हवा होता. तो आतड्यात सोडून देतात, शौचातून जातो, हे ऐकून जरा खट्टूच झाल्या. स्टेंट (पित्तनळी उघडी राहावी म्हणून आत ठेवतात ती बारीक नळी) टाकावा लागला नाही ते बरं, कारण प्लॅस्टिकचा स्टेंट तीन महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो आणि आमच्याकडचे एक काका तो दोन वर्षं विसरले होते, पुन्हा कावीळ घेऊनच आले.

आता पित्ताशय राहिलंय. खड्यांचा कारखाना तिथेच आहे, सूज उतरली की दोनेक आठवड्यांत काढलेलं चांगलं, नाहीतर पुन्हा खडा घसरतो. यजमान म्हणाले, गणपती होऊ देत. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यासमोर ठेवलं, मे चालू होता. काकीच म्हणाल्या, "पावसाच्या आधी करून टाकूया."