‘हे तू लिहिलेलेच नाही’ असे सॉफ्टवेअर म्हणते तेव्हा

‘मॅडम, सगळं मी स्वतः लिहिलंय, तरी सॉफ्टवेअर सांगतंय की ते एआयने लिहिलंय. आता मी खोटी ठरणार का?’ मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून वारंवार येऊ लागला आहे. प्रकल्प आणि लघुशोधप्रबंध जमा करण्याच्या दिवसांत तर अधिकच. त्याचे उत्तर मी एका विद्यार्थिनीच्या अनुभवाच्या आधारे देत आहे. तिची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही मुलगी बीड जिल्ह्यातील एका गावातून एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करण्यासाठी पुण्यात आलेली, पदवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. आईवडील ऊसतोडीसाठी कारखान्याकडे गेल्यावर गावात आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांचे शिक्षण कसे चालते, हा तिच्या लघुशोधप्रबंधाचा विषय होता. हंगाम सुरू असताना ती घरोघर फिरून मुलाखती घेऊन आली होती. प्रबंध इंग्रजीत द्यायचा होता. तो जमा केल्यानंतर काही दिवसांनी विभागातून निरोप आला की तपासणी सॉफ्टवेअरच्या अहवालात ७२ टक्के मजकूर एआयचा दिसतो आहे, तरी लेखी खुलासा द्यावा, अन्यथा प्रबंध स्वीकारला जाणार नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिची झोप उडालेली होती. रात्री मोबाईलवर एकामागून एक मोफत तपासणी संकेतस्थळे उघडून ती तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा टाकत असे. एक संकेतस्थळ १२ टक्के सांगे, दुसरे ८१, तिसरे ‘मिश्र मजकूर’. शेवटी तिने स्वतःची वाक्ये मोडायला सुरुवात केली होती. बरोबर असलेले शब्द काढून ओबडधोबड शब्द घालायचे, मुद्दाम एखादी व्याकरणाची चूक ठेवायची आणि टक्का उतरला का ते पाहायचे. ‘चूक ठेवली की यंत्राला मी माणूस वाटते,’ असे ती म्हणाली. मला या वाक्याने फार अस्वस्थ केले, कारण अचूक इंग्रजी लिहिता यावे यासाठी या मुलीने पाच-सहा वर्षे जिवाचे रान केले होते.

अशा वेळी मी पहिला प्रश्न एकच विचारते: लिहिताना कोणकोणती साधने वापरलीस? आणि तो विचारण्याआधी हेही सांगते की उत्तर काहीही असले तरी मी तुझ्या बाजूने बसूनच पुढचा विचार करणार आहे. समुपदेशकाने विद्यार्थी निर्दोष आहे असे गृहीत धरू नये आणि दोषी आहे असेही धरू नये. तिने सांगितले ते असे. क्षेत्रभेटीची डायरी मराठीत, पहिला खर्डा वहीत मराठीत, मग तिने स्वतः केलेले इंग्रजी रूपांतर. जिथे अडले तिथे गूगल ट्रान्सलेट, आणि शेवटी व्याकरण दुरुस्त करणारे एक सॉफ्टवेअर. चॅटबॉटला ‘लिहून दे’ असे तिने कधीही सांगितले नव्हते. अनुवादाच्या मदतीबद्दल तिने कुठे नोंद केली नव्हती, कारण तशी नोंद करायची असते हे तिला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या भेटीला ती डायरी घेऊन आली. त्यात एका आजीचे म्हणणे तिने जसेच्या तसे उतरवले होते: ‘पोरगं रातीला आईच्या नावानं रडतंय, म्हून म्या त्याला साळंत सोडायला सोता जाते, तेवढंच त्याचं मन रमतंय.’ प्रबंधात पोहोचेपर्यंत त्याचे रूप असे झाले होते: मुलांच्या भावनिक आणि शैक्षणिक संगोपनात आजी-आजोबा महत्त्वाची भूमिका बजावतात, असे आढळून आले. अहवालात नेमके हेच वाक्य रंगवलेले होते. वाक्य तिचेच होते, निरीक्षणही तिचेच होते. मात्र संशोधनाच्या इंग्रजीचे जे साचे तिला वर्गात शिकवले गेले, त्यात ते बसवताना त्यातील आजीचा आवाज निघून गेला होता.

ही तपासणी साधने नेमके काय मोजतात, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगणे मी समुपदेशनाचाच भाग मानते, कारण न समजलेल्या आकड्याची भीती समजलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठी असते. लिहिणारा माणूस या साधनांना दिसत नाही. त्यांच्यापुढे फक्त मजकूर असतो आणि त्यावरून ती संभाव्यतेचा अंदाज बांधतात. पुढचा शब्द कोणता येणार हे भाषा-प्रारूपाला (चॅटबॉटच्या मागे असलेल्या, मजकूर तयार करणाऱ्या प्रणालीला) किती सहज ओळखता येते आणि वाक्यांची लांबी व ठेवण किती बदलते, यांसारख्या खुणांवर यांपैकी अनेक साधने चालतात. मजकूर जितका अपेक्षित आणि एकसारखा, तितकी यंत्राची शंका जास्त. आता परकी भाषा पुस्तकातून शिकलेला विद्यार्थी कसा लिहितो? ओळखीच्या शब्दांत, ठरावीक वाक्यरचनेत, धोका न पत्करता. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त काळजीपूर्वक लिहिले, त्याच्याकडेच बोट वळण्याची शक्यता वाढते.

हा केवळ माझा तर्क नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात तपासणी साधनांतून घातले. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवले गेले, आणि ९१ पैकी ८९ निबंधांवर किमान एका साधनाने तरी शंका घेतली. अमेरिकेतील आठवीच्या मुलांच्या निबंधांवर मात्र हीच साधने जवळजवळ अचूक ठरली. याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मला अधिक गंभीर वाटतो. त्या टोफेल निबंधांची शब्दकळा चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतल्यावर चुकीच्या निकालांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर आले. म्हणजे स्वतः लिहिणारा अडकतो आणि यंत्राची मदत घेणारा सुटतो. त्याच वर्षी युरोपातील संशोधकांच्या एका गटाने चौदा साधने तपासली, तेव्हा एकाचीही अचूकता ८० टक्क्यांपर्यंत पोहोचली नाही. आणि दुसऱ्या भाषेत माणसाने लिहून यंत्राने इंग्रजीत अनुवादित केलेल्या मजकुराबाबत निकाल आणखी घसरले. आमच्या विद्यार्थिनीची अडचण याच जागी होती.

ज्या कंपनीने चॅटजीपीटी तयार केले, त्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे तपासणी साधन आणले होते. कंपनीने स्वतःच सांगितल्याप्रमाणे ते यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत असे आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के चुकून यंत्राचा ठरवत असे. कमी अचूकतेचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंद करण्यात आले. काही शिक्षक चॅटबॉटलाच विचारतात की हा मजकूर तू लिहिलास का; त्याचे उत्तर पुरावा म्हणून शून्य किमतीचे आहे, कारण आपण कोणाला काय लिहून दिले याची अशी नोंद त्याच्यापाशी नसते. विद्यार्थ्यांचे लेखन तपासणारे सॉफ्टवेअर पुरवणारी टर्निटिनसारखी प्रस्थापित कंपनीदेखील सांगते की तिच्या एआय अहवालातील आकडा हा विद्यार्थ्यावर कारवाई करण्याचा एकमेव आधार असू नये. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची ही एआय-तपासणीची सुविधा बंद केली. त्यांचा हिशेब असा होता: २०२२ मध्ये सुमारे ७५,००० लेखनकामे या प्रणालीत जमा झाली, आणि चुकीचे प्रमाण अवघे एक टक्का धरले तरी वर्षाला सुमारे ७५० कामांवर खोटा ठपका बसला असता.

हा हिशेब मी पालकांसमोरही मांडते, थोड्या वेगळ्या रीतीने. समजा १,००० निबंधांपैकी १०० खरोखर यंत्राने लिहिलेले आहेत, साधन त्यातले ८० पकडते आणि प्रामाणिक निबंधांपैकी फक्त ४ टक्के चुकून पकडते. मग ९०० प्रामाणिक मुलांपैकी ३६ जण अडकतात. एकूण ११६ ठपक्यांत ३६ निर्दोष, म्हणजे जवळजवळ तिघांत एक. साधन ‘९६ टक्के प्रामाणिक मुलांना सोडते’ हे वाक्य खरे असूनही समोर बसलेल्या एका मुलीबद्दल त्यावरून निर्णय देता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ आहे. विभागातील एका सदस्यांनी तिला ऐकवले होते की यूजीसीच्या नियमानुसार १० टक्क्यांपर्यंतच चालते, तुझे ७२ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी विनियमांत १०, ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे आहेत हे खरे. पण ते साम्याचे टप्पे आहेत. एखादा मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी किती जुळतो, हे त्यात मोजतात. तिथे मूळ स्रोत समोर ठेवून पडताळता येतो. एआयच्या टक्क्याला असा कोणताही मूळ स्रोत नसतो. तो यंत्राने बांधलेला अंदाज असतो. तिचा साम्य अहवाल वेगळा होता आणि त्यात ६ टक्केच साम्य निघाले होते. हे दोन कागद वेगळे आहेत एवढे कळल्यावर तिने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तरीही माझ्या दृष्टीने तातडीचे काम वेगळे होते. आधी रात्रीची तपासणी थांबवायची होती. प्रत्येक तपासणीनंतर क्षणभर हायसे वाटायचे आणि लगेच नवी शंका यायची. चिंतेचे हे चक्र आम्हाला इतर अनेक बाबतींत दिसते. आम्ही ठरवले की संध्याकाळनंतर प्रबंधाची फाईल उघडायची नाही आणि कोणत्याही संकेतस्थळावर मजकूर टाकायचा नाही. यातली अनेक संकेतस्थळे आधी टक्का दाखवून घाबरवतात आणि मग ‘मजकूर मानवी करून देतो’ म्हणून पैसे मागतात, हेही तिला सांगितले. मोडलेली वाक्ये तिने पुन्हा मूळ रूपात आणली. स्वतःचे लेखन स्वतःच बिघडवत राहिले तर आपण आरोप मान्य केल्यासारखे मनाला वाटू लागते, आणि ती तिथवर पोहोचली होती.

वडिलांचा फोन हा सर्वांत अवघड भाग ठरला. ‘खरं सांग बाई, कुणाकडून लिहून घेतलंस का?’ असे त्यांनी विचारले, तेव्हापासून तिने घरी बोलणे बंद केले होते. मी त्यांच्याशी बोलले. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. कॉलेजातून आलेला छापील कागद चुकीचा असू शकतो, ही कल्पनाच त्यांना नवी होती. मी त्यांना म्हटले, ‘दादा, तुम्ही तिला या कागदाबद्दल विचारू नका, कोणाकोणाच्या घरी गेलीस, काय पाहिलंस, ते विचारा.’ त्या रात्री ती त्यांच्याशी तासभर बोलली.

खुलासा लिहिताना आम्ही साधनाच्या अविश्वासार्हतेवर जास्त भर दिला नाही. त्याचा उल्लेख एका परिच्छेदात केला आणि उरलेला अर्ज तिच्या कामाच्या खुणांवर उभा केला. क्षेत्रभेटीची डायरी, मराठी खर्ड्याची वही, मुलाखतींची संमतिपत्रे, गूगल डॉक्समधील आवृत्ती-इतिहास (त्यात कोणत्या दिवशी काय लिहिले आणि खोडले हे तारीखवार दिसते) आणि गाईडना वेळोवेळी पाठवलेली प्रकरणे, हे सर्व तिने जोडले. अनुवादाची आणि व्याकरणाच्या साधनाची मदत कुठे कुठे घेतली, तेही न लपवता लिहिले. शेवटी तोंडी परीक्षा घेण्याची विनंती केली. ‘सॉफ्टवेअर चुकते’ एवढेच म्हटले तर समिती बचावात्मक होते. ‘माझे काम पाहा आणि मला प्रश्न विचारा’ म्हटले की शिक्षकांना त्यांच्या ओळखीची वाट सापडते. समितीने तिला बोलावले. त्या आजीबद्दल विचारल्यावर ती वीस मिनिटे थांबलीच नाही. साधनांच्या वापराचा परिच्छेद संशोधन पद्धतीच्या प्रकरणात घालण्याच्या अटीवर प्रबंध स्वीकारला गेला.

हे वाचणाऱ्यांत असेही विद्यार्थी असतील ज्यांनी एखादे प्रकरण खरोखर यंत्राकडून लिहून घेतले आहे आणि अहवाल आल्यावर जे घाबरले आहेत. असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याने साधनांच्या चुकांची माहिती गोळा करून आणली होती आणि ती ढाल म्हणून वापरायची होती. साधन अविश्वासार्ह आहे म्हणून खोटे खरे होत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो गाईडकडे गेला, झाले ते सांगितले आणि ते प्रकरण पुन्हा लिहिण्याची मुदत मागून घेतली. त्याला ती मिळाली. सर्वांनाच मिळेल असे नाही, पण तोंडी परीक्षेत उघडे पडण्यापेक्षा ही वाट कमी त्रासाची असते.

प्रबंध मंजूर झाला तरी बीडच्या या मुलीची भीती लगेच गेली नाही. आता ती नोकरीचे अर्ज लिहिते आहे. चांगले वाक्य जमले की अजूनही तिचा हात मोबाईलकडे जातो, हे तिनेच सांगितले. त्यामुळे आमच्या भेटी सुरू आहेत. सध्याच्या भेटींत ती मराठीत सुचलेले वाक्य मोठ्याने वाचते, मग ते इंग्रजीत कसे आणायचे ते आम्ही मिळून पाहतो, आणि तयार झालेला अर्ज ती कुठेही न तपासता माझ्यासमोरच पाठवते.